समन्वेषक वेधन
समन्वेषक वेधन : भूपृष्ठाखालील खडकांचे स्वरूप आणि त्यांतील खनिजांचे अस्तित्व, प्रत, खोली व विस्तार यांची माहिती मिळविण्यासाठी जमिनीत लहान व्यासाची खोल छिद्रे पाडण्याच्या क्रियेस समन्वेषक वेधन म्हणतात. विहिरीसाठी घेतलेल्या बोअरमधून पाणी मिळवावयाचे असते व सुरुंगाच्या छिद्रात स्फोटक भरावयाचे असते. समन्वेषक छिद्रातून मात्र केवळ खडकाचे नमुने व त्यांद्वारे माहिती मिळवावयाची असते. हे काम संपल्यावर छिद्र सामान्यतः सिमेंटने बुजविले जाते. खाण काढावी की नाही, काढल्यास उघडी की भूमिगत, तीत किती भांडवल गुंतवावे, तसेच त्या जागेवरील जंगल, शेती व वस्ती यांचे काय होणार, हे सर्व निर्णय अखेरीस अशा काही छिद्रांतून मिळालेल्या माहितीवर आधारलेले असतात. म्हणून वेधनाच्या यांत्रिक कौशल्याइतकेच त्याच्या नोंदींच्या काटेकोरपणालाही महत्त्व आहे.

आवश्यकता : खनिजांचा शोध वेधनापासून सुरू होत नाही. प्रथम भूवैज्ञानिक नकाशे तयार करतात, दृश्यांशांची (भूपृष्ठावर उघड्या पडलेल्या खडकांची) पाहणी करतात, ओढ्यांतील गाळाचे व मातीचे रासायनिक विश्लेषण करतात आणि चुंबकीय, विद्युत्, गुरुत्वीय इ. भूभौतिकीय पद्धतींनी मापने घेतात. यांवरून खनिज कोठे असू शकेल याचे अनुमान बांधता येते. ते खरे की खोटे हे ठरविण्यासाठी खडक प्रत्यक्ष हाती यावा लागतो. उथळ खनिजाच्या बाबतीत चर किंवा खड्डे खणून हे काम होते. खोलीवरील खनिजाच्या बाबतीत वेधनाला पर्याय नाही.

महाराष्ट्रात ही अडचण विशेष जाणवते. राज्याचे चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्र दख्खनच्या बेसाल्ट खडकाने झाकलेले आहे. नागपूर शहर या आवरणाच्या पूर्व कडेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टाची असून तिच्या पश्चिमेस बेसाल्ट, तर शहराच्या पूर्व भागात त्याहून कितीतरी प्राचीन असे पट्टिताश्म (नाइस) आढळतात. सीताबर्डीलगतच्या रामदासपेठेसारख्या भागात पायाखालच्या बेसाल्टाची जाडी किती आणि त्याखाली कोणता खडक आहे, हे केवळ पृष्ठभाग पाहून खात्रीने सांगता येत नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मी. खोल छिद्र पाडण्यात आले. त्यात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली व त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग प्राचीन आधारखडक मिळाला. हे वेधन भूकंपाच्या अभ्यासासाठी होते. तथापि आवरणाखालचा खडक जाणण्याचा मार्ग खनिजांच्या बाबतीतही हाच असतो.

इतिहास : गाभा (खडकाचा सलग दंडगोलाकार नमुना) मिळवून देणाऱ्या हीरक वेधनाची सुरुवात १८६० च्या दशकात झाली. रोडॉल्फ लेशो या स्विस अभियंत्याने पोकळ नळीच्या कडेवर हिरे बसवून ती फिरविल्यास कठीण खडकातही छिद्र पडते, हे दाखवून दिले. अमेरिकेत एडमंड लाँगियर यांनी १८९० मध्ये मिनेसोटा राज्यातील मेसाबी या लोहखनिजाच्या पट्ट्यात हीरक वेधन केले.

नागपूर परिसराच्या भूविज्ञानाचा पाया स्कॉटिश धर्मोपदेशक स्टीफन हिसलॉप (१८१७–६३) यांनी घातला. त्यांचे निष्कर्ष दृश्यांश, दगडखाणी व जीवाश्म यांच्या निरीक्षणावर आधारलेले होते. वर्धा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशासाठी छिद्रे पाडण्यात आली व वरोडा येथे सरकारी खाण सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १ मार्च १९४८ रोजी भारतीय खाण ब्यूरोची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय आता नागपूर येथे आहे. ब्यूरोकडील समन्वेषणाचे काम १९६६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या १८५१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे देण्यात आले. तपशीलवार समन्वेषणासाठी १९७२ मध्ये खनिज समन्वेषण निगम हा सार्वजनिक क्षेत्रातील स्वतंत्र उपक्रम स्थापन झाला व त्याचेही मुख्यालय नागपूरलाच ठेवण्यात आले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, मॉइल (पूर्वीची मँगनीज ओर इंडिया) व वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपन्यांची मुख्यालये याच शहरात असल्याने भारतातील खनिज समन्वेषणाचे नागपूर हे एक प्रमुख केंद्र बनले आहे.

पद्धती : हीरक वेधनात पोलादी नळ्या (रॉड) एकमेकींना जोडून त्यांच्या टोकाशी हिरे बसविलेले कंकणाकृती अग्र (बिट) लावतात. यंत्राने नळ्या फिरविल्या की अग्र खडकाचा कंकणाकृती भाग झिजवीत खाली जाते आणि मधला दंडगोल गाभानळीत शिरतो. घर्षणाने तापणारे अग्र थंड ठेवणे व खडकाचा चुरा वर आणणे यांसाठी नळ्यांतून पाणी किंवा बेंटोनाइट मातीचे पातळ मिश्रण सतत सोडतात. वरच्या ठिसूळ भागात छिद्र ढासळू नये म्हणून संरक्षक नळ (केसिंग) बसवितात. पूर्वी गाभा काढण्यासाठी प्रत्येक वेळी सर्व नळ्या वर ओढाव्या लागत. तारदोर पद्धतीत गाभा असलेली फक्त आतील नळी तारदोराने वर काढतात. त्यामुळे वेळ वाचतो व छिद्र ढासळण्याचा धोका कमी होतो. प्रचलित एनक्यू मापाच्या छिद्राचा व्यास सु. ७६ मिमी. व गाभ्याचा व्यास ४७.६ मिमी. असतो, एचक्यू मापात हेच व्यास अनुक्रमे ९६ मिमी. व ६३.५ मिमी. असतात.

गाभ्याऐवजी केवळ खडकाचा चुरा वर आणणाऱ्या पद्धतीही वापरात आहेत. त्यांत हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याने खडक फोडतात. दुहेरी नळ्यांच्या प्रतिप्रवाही पद्धतीत चुरा आतील नळीतून वर येतो व छिद्राच्या भिंतीशी त्याची भेसळ होत नाही. या पद्धती जलद व स्वस्त आहेत. परंतु चुऱ्यावरून थरांची रचना, भेगा व नती (थराचा क्षितिजाशी असलेला कल) कळत नाहीत. म्हणून आरंभीची चाचपणी चुऱ्यावर आणि निर्णायक छिद्रे गाभ्यासह, अशी विभागणी अनेकदा करतात.

वेधयोजना : छिद्रे कोठे, किती अंतरावर, कोणत्या कोनात व किती खोल घ्यावयाची, हे खनिजाच्या संभाव्य आकारावरून ठरवितात. कोळशासारखे सपाट व सलग थर दूर अंतरावरील उभ्या छिद्रांनीही अजमावता येतात. तीव्र वलीकरण झालेल्या थरांची गोष्ट वेगळी असते. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मँगनीज धातुकाचे थर सौसर गटाच्या रूपांतरित खडकांत असून ते दुमडलेले व अनेक ठिकाणी तीव्र नतीचे आहेत. ६० अंशांनी कललेला, ५ मी. खऱ्या जाडीचा थर उभ्या छिद्राने भेदल्यास गाभ्यात धातुकाची लांबी १० मी. भरते. ही लांबीच खरी जाडी समजून थराच्या कललेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाने तिला गुणले, तर साठा दुपटीने फुगतो. यासाठी छिद्र थराला शक्यतो काटकोनात भेदील असे तिरपे घेतात आणि गाभ्यातील थराचा कोन मोजून खरी जाडी काढतात. खोल छिद्रे स्वतःही मार्गच्युत होतात. म्हणून ठरावीक अंतरावर त्यांची दिशा व कल उपकरणाने मोजून नकाशात दुरुस्ती करावी लागते.

गाभ्याची नोंद व नमुने : गाभानळीतून निघालेले तुकडे क्रमाने खणांच्या पेटीत मांडतात व प्रत्येक फेरीची सुरुवातीची व अखेरची खोली लिहून ठेवतात. ३ मी. वेधनातून २.४ मी. गाभा मिळाला, तर गाभाप्राप्ती ८० टक्के झाली असे म्हणतात. उरलेला गाभा कोठे व का गेला, याचा विचार आवश्यक असतो. मऊ व भुसभुशीत भाग पाण्याबरोबर वाहून जातो आणि कठीण भाग टिकतो. म्हणजे जे मिळाले ते सरासरी खडकाचे प्रतिनिधित्व करीलच असे नाही. चूर्णरूप लोहखनिज वाहून गेले, तर उरलेल्या गाभ्याच्या विश्लेषणावरून काढलेली प्रत चुकीची ठरते.

भूवैज्ञानिक गाभ्याचे वर्णन लिहितो. त्यात खडकाचा प्रकार, रंग, कणांचा आकार, खनिजे, भेगा व थरांच्या सीमा यांची नोंद असते. नंतर धातुकयुक्त गाभा लांबीच्या दिशेने करवतीने कापून दोन समान भाग करतात. एक भाग दळून रासायनिक विश्लेषणास पाठवितात व दुसरा पेटीतच ठेवतात. पाठविलेल्या नमुन्यांत ज्ञात प्रतीचे, खनिजविरहित व दुबार असे तपासणी-नमुने मिसळतात आणि काही नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतात. राखून ठेवलेल्या अर्ध्या गाभ्याचे महत्त्व असे की, शंका आल्यास पुन्हा तपासता येईल असा तोच एक पुरावा असतो.

बुसांग प्रकरण : या पुराव्याचे मोल इंडोनेशियातील एका घटनेने जगापुढे आले. बोर्निओ बेटावरील दुर्गम अरण्यातील बुसांग येथे ब्री-एक्स या कॅनडातील कंपनीने सोन्यासाठी वेधन केले. १९९७ च्या आरंभापर्यंत तिने तेथील साठा सु. ७.१ कोटी औंस (सु. २,२०० टन) असल्याचे जाहीर केले होते व तिच्या भागभांडवलाचे बाजारमूल्य प्रचंड वाढले होते. तेथे गाभ्याचा अर्धा भाग राखून ठेवण्याऐवजी जवळजवळ संपूर्ण गाभा दळून विश्लेषणास पाठविला जात असे. मार्च १९९७ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने जुन्या छिद्रांशेजारी पडताळणीची छिद्रे घेतली, तेव्हा त्यांत नगण्य सोने आढळले. दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोन्याचे कण मिसळले गेले होते, असा निष्कर्ष मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीतून निघाला. असंख्य लहान गुंतवणूकदारांची बचत यात बुडाली. त्यानंतर कॅनडात खनिजसाठ्यांच्या जाहीर निवेदनांसंबंधी कडक नियम २००१ मध्ये लागू झाले. निवेदनाची जबाबदारी पात्र व नामनिर्दिष्ट तज्ञाने घेतली पाहिजे, हे त्यांतील मुख्य तत्त्व होय.

नमुन्याचे प्रमाण व साठ्याचे वर्गीकरण : फसवणूक नसतानाही वेधनाच्या माहितीला एक अंगभूत मर्यादा असते. एनक्यू गाभ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. १७.८ चौ. सेंमी. भरते. १०० मी. अंतराच्या चौकोनी जाळीत प्रत्येक छिद्र १०,००० चौ. मी. क्षेत्राचे प्रतिनिधित्व करते. म्हणजे खडकाच्या सु. ५६ लाख भागांपैकी एक भाग हाती येतो आणि त्याचाही अर्धाच विश्लेषणाला जातो. जाळीचे अंतर ४०० मी. असल्यास हे प्रमाण सु. ९ कोटींत एक इतके खाली येते. उरलेल्या सर्व खडकाविषयीचे विधान हे अनुमान असते. ते कितपत विश्वसनीय आहे, हे थराच्या सलगतेवर व छिद्रांमधील अंतरावर अवलंबून राहते. शेजारशेजारच्या छिद्रांतील मूल्यांचा परस्परसंबंध मोजून मधल्या भागाचे अनुमान करण्याच्या क्रीगिंगसारख्या सांख्यिकीय पद्धती याच कारणाने विकसित झाल्या.

या अनिश्चिततेची पातळी स्पष्ट व्हावी म्हणून साठ्यांचे वर्गीकरण करतात. भारतातील २०१५ च्या खनिज-पुराव्यासंबंधीच्या नियमांनुसार समन्वेषणाचे चार टप्पे आहेत : टेहळणी सर्वेक्षण (जी-४), प्राथमिक समन्वेषण (जी-३), सर्वसाधारण समन्वेषण (जी-२) व तपशीलवार समन्वेषण (जी-१). संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वर्गीकरण-चौकटीवर हे नियम बेतले आहेत, तीत भूवैज्ञानिक खात्रीबरोबर व्यवहार्यता व आर्थिक-सामाजिक स्थिती हे आणखी दोन अक्ष आहेत. त्यामुळे खनिज निश्चित असूनही ते काढण्यायोग्य नसणे शक्य असते. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळशाच्या पट्ट्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील कोळशाचे अस्तित्व वादातीत होते. परंतु ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे २००९ च्या सुमारास खाणीचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पातळीवर अडला.

विदर्भातील समन्वेषण : मनसर येथील मँगनीज धातुकाचे उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. तेव्हा टेकड्यांवर उघडे पडलेले धातुक हाताने काढले जाई. सर लुइस फर्मोर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. या धातुकाशी निगडित असलेल्या खडकाला त्यांनी गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. पृष्ठभागालगतचे धातुक संपत गेले, तसे खोलीवरील भागाचा शोध वेधनाने घ्यावा लागला. कांद्री, गुमगाव, चिखला इ. ठिकाणी त्यातूनच भूमिगत खाणकाम वाढले.

कामठी व वर्धा खोऱ्यांतील कोळसा बराकार शैलसमूहात असतो. तो बव्हंशी कामठी वालुकाश्म, जलोढ किंवा बेसाल्ट यांच्या आवरणाखाली दडलेला आहे. त्यामुळे या क्षेत्रांचा विस्तार मुख्यत्वे वेधनानेच कळला. कुही, खोबना व आगरगाव (जि. नागपूर) या परिसरात साकोली गटाच्या खडकांत टंगस्टनाचे, कोलारी परिसरात जस्ताचे व ठाणेवासना (जि. चंद्रपूर) येथे तांब्याचे समन्वेषण झाले आहे. खनिज आढळणे व किफायतशीर खाण उभी राहणे यांत मोठे अंतर असते, हे अशा क्षेत्रांवरून दिसून येते.

दुर्गम प्रदेशातील वेधन : कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील लाक द ग्रा सरोवराच्या परिसरात रस्ते नाहीत. तेथे यंत्राचे सुटे भाग हेलिकॉप्टरने नेतात आणि सरोवराखालील खडकाचे वेधन हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावर यंत्र उभे करून करतात. १९९१ मध्ये तेथील पॉइंट लेक या तळ्याखालून काढलेल्या ५९ किग्रॅ. गाभ्यात ८१ लहान हिरे मिळाले. त्यावरून आसपासच्या किंबर्लाइट नळ्यांचे वेधन झाले व १९९८ मध्ये एकाटी ही कॅनडातील पहिली मोठी हिऱ्यांची खाण सुरू झाली.

विदर्भात ऋतुमान वेगळे असले, तरी प्रश्न त्याच प्रकारचे आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना पूर येतो व काळ्या जमिनीतून यंत्र नेता येत नाही. म्हणून दुर्गम भागातील वेधन मुख्यत्वे पावसाळ्यानंतर सुरू करून उन्हाळ्यापर्यंत आटोपतात. उन्हाळ्यात मात्र वेधनासाठी लागणारे पाणी दुर्मिळ होते. नाल्यातून पाणी उपसताना त्याच नाल्यावर अवलंबून असलेल्या गावांचा व वन्य प्राण्यांचा विचार करावा लागतो. गाळमिश्रित पाणी ओढ्यात न सोडता खड्ड्यात निवळवितात व तेच पुन्हा वापरतात. काम संपल्यावर तेल, कापडाचे बोळे व लोखंड उचलून नेणे, खड्डे भरणे आणि छिद्र बुजविणे आवश्यक असते. छिद्र उघडे राहिल्यास निरनिराळ्या थरांतील भूजल एकमेकांत मिसळते, तसेच पुढे भूमिगत खाणीत पाणी शिरण्याचा धोका निर्माण होतो.

वन व ग्रामसभा : छिद्राचा व्यास अगदी लहान असला, तरी त्यापर्यंत यंत्र नेणारी वाट व यंत्रासाठी सपाट केलेली जागा यांचा जंगलावर परिणाम होतो. वनसंरक्षणाच्या १९८० च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार पूर्वेक्षण व समन्वेषण यांसारखी सर्वेक्षणे केंद्र सरकारच्या आदेशातील अटींच्या अधीन राहून वनेतर वापरातून वगळता येतात. खाणकामाला मात्र पूर्वपरवानगी लागतेच. अनुसूचित क्षेत्रांत गौण खनिजांच्या पूर्वेक्षणासाठी व खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस १९९६ च्या कायद्याने आवश्यक ठरविली असून २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे सामूहिक हक्क मान्य केले आहेत.

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरांत हेमाटाइटाचे साठे आहेत. धातुक माथ्यावर उघडे दिसत असले, तरी त्याची खोली, प्रत व त्याखालील पट्टेरी क्वार्ट्झाइटाची सीमा वेधनाशिवाय ठरत नाही. याच डोंगरावर परिसरातील माडिया गोंडांचे ठाकूरदेव हे दैवत असून तेथे दरवर्षी जत्रा भरते. खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला. पण स्थानिक विरोध व अशांत परिस्थिती यांमुळे उत्खनन बरीच वर्षे रखडले. अशा ठिकाणी वेधनाचे निष्कर्ष कंपनी व शासन यांच्याइतकेच ग्रामसभेलाही समजण्याजोगे असणे इष्ट ठरते. कारण किती धातुक, किती खोल व किती वर्षे पुरेल, यांवरूनच किती डोंगर व किती जंगल जाणार हे ठरते.

गाभ्यांचे जतन : बहुसंख्य समन्वेषक छिद्रांत खाणयोग्य खनिज आढळत नाही. तरीही ती निष्फळ मानता येत नाहीत. खनिज नसल्याची विश्वसनीय नोंद पुढील शोधाची दिशा बदलते व पुन्हा त्याच जागी जंगलात वाट काढण्याची गरज उरत नाही. विश्लेषणाच्या पद्धती सुधारल्या किंवा पूर्वी दुर्लक्षित असलेल्या मूलद्रव्याची मागणी वाढली, की जुने गाभे पुन्हा तपासले जातात. यासाठी गाभे क्रमवार लावून ठेवणारी भांडारे अनेक देशांनी उभारली आहेत. भारतात २०१५ मध्ये राष्ट्रीय खनिज समन्वेषण न्यास स्थापन करून खाणपट्टाधारकांच्या अंशदानातून समन्वेषणास निधी देण्याची व्यवस्था झाली. निरनिराळ्या संस्थांची भूवैज्ञानिक माहिती एकत्र उपलब्ध व्हावी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान विदा भांडार कार्यान्वित करण्यात आले. अशा भांडारातील नोंदींची उपयुक्तता मूळ छिद्राचे स्थान, खोली व गाभाप्राप्ती किती अचूकपणे नोंदविली आहे, यावर अवलंबून राहते.